रुक्मिणीस्वयंवर-काव्यांतील दोन घराणी

आश्वलायन गृह्यसूत्रात विवाहविधीच्या निरूपणास प्रारंभ करताना सूत्रकाराने आपल्या अधिकाराची मर्यादा आधीच सांगून टाकली आहे. देशोदेशीचे आणि गावोगावचे आचार नाना प्रकारचे असतात. विवाहात त्यांना मान द्यावा. सूत्रात सांगावयाचे ते केवळ सर्वत्र समान असलेले विधी, असा त्याचा अभिप्राय आहे. आपस्तंबाने आणखी पुढे जाऊन, लग्नातील आचार स्त्रियांकडून समजून घ्यावेत, असे म्हटले आहे. शास्त्राने लोकाचाराला दिलेली ही मोकळीक लहान नाही. तथापि वधूचा देश एक आणि वराचा देश दुसरा असा प्रसंग आला म्हणजे कोणाच्या गावचा आचार पाळावा, हा प्रश्न या सूत्रांनी उकललेला नाही. तो उकलण्याचे काम व्यवहारात विहिणींनी केले आणि वाङ्मयात कवींनी.

मराठी वाङ्मयात या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ विचार रुक्मिणीच्या विवाहकथेच्या निमित्ताने झालेला आहे. महदंबेचे ‘धवळे’, नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ आणि एकनाथांचे त्याच नावाचे काव्य ही या परंपरेतील तीन ठळक स्थाने होत. या काव्यांची चिकित्सा आजवर बहुधा भक्ती, शृंगार, अलंकार आणि रूपक या अंगांनी झाली. त्यांतील विवाहवर्णन एक तर तत्कालीन समाजस्थितीचा पुरावा म्हणून उतरून घेण्यात आले किंवा कालविपर्यासाचा दोष म्हणून दाखविण्यात आले. दोन घराण्यांचा संबंध जुळविण्याची एक विशिष्ट अडचण या कवींपुढे होती, आणि विवाहवर्णनाचा विस्तार हे तिला त्यांनी दिलेले उत्तर होते, ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली.

ती अडचण मूळ कथेतच आहे. संस्कृत वाङ्मयाच्या वाचकाला विदर्भ हा राजकन्यांचा देश म्हणून परिचित आहे. लोपामुद्रा, दमयंती, इंदुमती आणि रुक्मिणी या चौघी तेथल्याच. यांपैकी इंदुमतीच्या विवाहात कालिदासापुढे काही पेच नव्हता. रघुवंशाच्या सातव्या सर्गात अज हा वधूच्या घरी येतो, भोजराजाचा पुरोहित होम करतो, आणि सर्व विधी वधूच्या घराण्याच्या रीतीने पार पडतात. वराचे घर त्या वेळी दूर अयोध्येस आहे. रुक्मिणीच्या बाबतीत असे काहीच घडत नाही. भागवताच्या दशमस्कंधातील बावन्न ते चोपन्न या अध्यायांत ती कथा आहे. पित्याच्या मनात कन्या कृष्णाला द्यावी असे असते, परंतु थोरला भाऊ रुक्मी शिशुपालाशी तिचे लग्न ठरवितो. रुक्मिणी ब्राह्मणाहाती निरोप पाठविते आणि पराक्रम हेच मूल्य देऊन आपल्याला राक्षसविधीने न्यावे, असे कृष्णाला कळविते. मनूने तिसऱ्या अध्यायात गांधर्व आणि राक्षस हे दोन्ही प्रकार क्षत्रियांना, पृथक् वा मिश्र स्वरूपात, धर्म्य ठरविले आहेत. वधूची संमती आहे आणि तिच्या घराची नाही, अशा या विवाहाला मनूचा मिश्र प्रकार नेमका लागू पडतो. शास्त्रदृष्ट्या त्यात न्यून नाही. पण ज्यात पित्याने हातावर उदक सोडलेले नाही, ज्यात मातेने जावयाचे पाय धुतलेले नाहीत, असे लग्न सामान्य श्रोत्याच्या मनाला लग्न वाटत नाही.

या कथेतील एक बारकावा येथे नोंदविण्यासारखा आहे. हरणासाठी कृष्णाला जी संधी रुक्मिणी सुचविते ती तिच्या घराण्याच्या कुलाचारातूनच आलेली आहे. विवाहाच्या आदल्या दिवशी वधूने नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जावे, अशी कुलदेवतेची यात्रा त्या घरात चालत आलेली होती. अंतःपुरात शिरून आप्तांचा वध न करता आपल्याला कसे नेता येईल, या शंकेचे उत्तर म्हणून ती ही यात्रा पुढे करते. माहेरचा आचार मोडून ती निघून जात नाही. तो पुरा करून, देवीची पूजा आटोपून, सुवासिनींचे आशीर्वाद घेऊन ती रथाकडे येते. भागवतकाराने हे सहज सांगितले आहे. मराठी कवींना मात्र त्यातूनच पुढचा धागा सापडलेला दिसतो.

दुसरा धागा याहूनही बारीक आहे. कृष्ण तिला द्वारकेस आणून यथाविधी विवाह करतो, एवढेच भागवत सांगते. विधीचे वर्णन जवळजवळ नाही. नगरी सजते, घरोघर उत्सव होतो, आणि त्या आनंदात सहभागी झालेल्या कुळांच्या नामावळीत कुरू, सृंजय, कैकेय यांच्याबरोबर विदर्भांचेही नाव येते. युद्धात मोड झालेले, ज्यांच्या युवराजाचे केस आणि मिशा कापून विटंबना केली ते विदर्भ द्वारकेत केव्हा आले, कोणी बोलावले, कोण रुसले आणि कोणी समजूत घातली, याविषयी पुराण मौन पाळते. एका समासातील एका नावावर सारा समेट उरकलेला आहे. मराठी कवींनी या एका शब्दाच्या जागी प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली.

प्रथम ग्रंथनामाचाच विचार करावा. शंकरदेवांनी असमियात या कथेवर काव्य आणि नाटक रचले. दोहोंचे नाव ‘रुक्मिणीहरण’. मराठीतही सामराजाने सतराव्या शतकात आपल्या महाकाव्याला तेच नाव दिले. परंतु महाराष्ट्रात रूढ झाले ते ‘स्वयंवर’ हे नाव. भागवतातील कथेत राजांची सभा भरून कन्येने माळ घातल्याचा प्रसंग नाही, म्हणजे रूढ अर्थाने हे स्वयंवर नव्हे. ‘हरण’ हा शब्द वराच्या कृतीकडे पाहतो, ‘स्वयंवर’ हा वधूच्या निवडीकडे. एवढ्या एका शब्दाने मराठी परंपरा कथेच्या आरंभीच वधूपक्षात जाऊन बसली आहे.

महदंबेच्या धवळ्यांचे जन्मस्थान या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या लीलारूप विवाहप्रसंगी रिद्धपूर येथे, इ. स. १२८६-८७ च्या सुमारास, महदंबेने ते गायिले, अशी महानुभावीय परंपरा आहे. धवळे म्हणजे लग्नात वराला उद्देशून गावयाची गीते. रिद्धपूर आजच्या अमरावती जिल्ह्यात आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून मानले गेलेले वर्धातीरीचे कौंडिण्यपूरही त्याच जिल्ह्यात. म्हणजे रुक्मिणीच्या लग्नाचे मराठीतील पहिले ज्ञात गाणे तिच्या माहेरच्या मुलखात, एका स्त्रीने, प्रत्यक्ष लग्नाच्या मांडवात म्हटले. महदंबेच्या रचनेची साधी, काहीशी ओबडधोबड गेयता हे तिचे वैगुण्य समजणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. ते काव्य वाचावयाचे नव्हते. लग्नघरातील कामाच्या गडबडीत, दहा जणींच्या आवाजात मिसळून म्हणावयाचे होते. गाणारी वधूकडची, गाणे वराचे: दोन घरांचा पहिला मेळ येथे स्वरात झाला आहे आणि त्याला शास्त्राची अनुज्ञा लागलेली नाही. आपस्तंबाचे वचन येथे अक्षरशः खरे ठरते.

नरेंद्राची गोष्ट याच्या उलट. शके १२१४ चे (इ. स. १२९२) हे काव्य रामदेवरायाच्या सभेत वाचले गेले, आणि ते आपल्या नावावर करावे ही राजाची मागणी कवीने नाकारली, अशी आख्यायिका स्मृतिस्थळात आहे. तिची चर्चा बहुधा कविस्वातंत्र्याच्या अंगाने होते. पण त्या मागणीला आणखी एक बाजू असावी. देवगिरीचे यादव स्वतःला श्रीकृष्णाच्या वंशातले म्हणवीत. हेमाद्रीच्या प्रशस्तीत त्यांची परंपरा मथुरा आणि द्वारकेपर्यंत नेलेली आहे. तेव्हा रामदेवरायाच्या दृष्टीने हे काव्य त्याच्या घरच्या लग्नाचे होते, आणि घरच्या लग्नाच्या पोथीवर घरधन्याचे नाव असावे, ही इच्छा त्याला अस्वाभाविक वाटली नसेल. वरपक्ष असा प्रत्यक्ष समोर बसलेला असता कवीने आपली सर्व शक्ती रुक्मिणीच्या विरहावर वेचली. उपलब्ध काव्य अपूर्ण असल्यामुळे त्यातील विवाहवर्णनाविषयी अनुमाने बांधण्यात अर्थ नाही.

एकनाथांचे काव्य मात्र पूर्ण आहे, लोकांच्या नित्य पाठात आहे आणि प्रस्तुत विषयाला सर्वांत उपकारक आहे. शके १४९३ मध्ये (इ. स. १५७१) काशी येथे ते पूर्ण झाले. अठरा प्रसंगांच्या या ग्रंथात हरण आणि युद्ध आटोपल्यानंतर विवाहसोहळ्यासाठी नाथांनी मोठी जागा राखून ठेवली आहे. मुळात ज्या गोष्टीला दोनचार श्लोक पुरले, तिच्यासाठी नाथांना कित्येक प्रसंग लागतात, हे प्रमाणच बोलके आहे.

नाथांनी केलेला पहिला बदल स्थळाचा. भागवतात विवाह द्वारकेत होतो. नाथांच्या काव्यात तो वाटेवरील मूळमाधव या ठिकाणी होतो, आणि भीमक सपरिवार तेथे येऊन कन्यादान करतो. या बदलाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. कौंडिण्यपुरास लग्न होणे शक्य नव्हते, कारण कृष्णाने तेथून कन्या उचलून आणलेली. पुन्हा तेथे जाणे म्हणजे हरण व्यर्थ ठरविणे. द्वारकेस लग्न करावे तर भीमकाला पराभूत सासऱ्याच्या नात्याने जावयाच्या दारी जावे लागणार. नाथ या दोन्ही वाटा टाळून तिसरे गाव निवडतात. ते यादवांच्या मुलखाकडचे आहे खरे. परंतु ते कोणाचेच घर नाही. अशा ठिकाणी सासरा येऊ शकतो, जावई थांबू शकतो आणि मांडव दोघांचाही म्हणता येतो. दोन घरांत अढी पडली असता देवाच्या ठिकाणी जाऊन लग्न लावण्याचा जो व्यवहारी तोडगा गावोगावच्या वडीलधाऱ्यांना माहीत असतो, तोच हा आहे. भीमकाच्या कन्यादानाने राक्षसविवाहाला ब्राह्मविवाहाचे रूप येते. पुराणातील ‘यथाविधी’ या शब्दाचा नाथांनी असा अर्थ लावला की, वधूचा पिता उपस्थित असल्याखेरीज विधी पुरा होत नाही. पुराणाला ही अट ठाऊक नव्हती. ती पैठणच्या गृहस्थाची अट आहे.

एकदा मांडव उभा राहिल्यावर त्यात जे काही चालते ते सर्व महाराष्ट्रीय आहे. हळद, मधुपर्क, अंतरपाट, लग्नघटिका, पाणिग्रहण, रुखवत, वरमायांचे मानपान, वरात: कोणत्याही मराठी श्रोत्याला आपल्या आळीतले लग्न ओळखू यावे, असे हे वर्णन आहे. वसुदेव, देवकी आणि द्वारकेचे यादव सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे असूनही त्यांच्या घरची म्हणून एकही निराळी रीत येथे दिसत नाही. विदर्भाच्या मुलीचे लग्न विदर्भ-मराठवाड्याच्या रीतीने लागते आणि वरपक्ष ती रीत आपलीच असल्यासारखी पाळतो. येथे समाजेतिहासाचा अभ्यासक समाधान पावतो आणि काटेकोर टीकाकार कालविपर्यासाची खूण करतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे आहे, पण दोघांनीही हा प्रकार कवीच्या हातून नकळत घडला असे गृहीत धरले आहे. स्थळ बदलून कन्यादानाची सोय करणारा कवी पुढच्या रीतींच्या बाबतीत बेसावध राहिला असेल, असे मानणे कठीण आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट रूपकाची. नाथांच्या काव्यात रुक्मिणी आणि कृष्ण यांचा विवाह म्हणजे जीव आणि शिव यांचे ऐक्य होय. दोघांमधील अंतरपाट हा भेदाचा पडदा, आणि तो दूर होणे हा साक्षात्कार. या रूपकाच्या पातळीवर दोन घरांचे मिश्रण संभवतच नाही. जीवाचे वेगळेपण शिवात विरून जावयाचे असते. वधूपक्षाने देण्यासारखे एकच, ते म्हणजे स्वतःचा लोप. परंतु त्याच ओव्यांतून वाहणारा लोकाचाराचा प्रवाह नेमका उलट दिशेने जातो. तेथे वधूच्या मुलखाची रीत वराचे सारे घराणे व्यापून टाकते. द्वारकेचा राजा मराठी नवरदेव होऊन पाटावर उभा राहतो. तत्त्वज्ञानात रुक्मिणी कृष्णरूप होते, आणि आचारात कृष्ण रुक्मिणीच्या गावचा होतो. हे दोन विरुद्ध प्रवाह एकाच वर्णनात चालू ठेवण्यात नाथांच्या काव्याची खरी शक्ती आहे. केवळ रूपक असते तर ते एक वेदान्तप्रकरण झाले असते, आणि केवळ आचार असते तर ती लग्नाची यादी झाली असती.

ही शक्ती सर्वत्र सारखी टिकलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. अंतरपाटाचे रूपक सहज लागते, कारण त्या क्षणाची उत्कंठा वधूवरांची तशी साधकाचीही असते. वस्तूचा धर्म आणि अर्थ तेथे एकच आहेत. रुखवताच्या आणि पक्वान्नांच्या पंगतीत मात्र एकेका पदार्थाला एकेक आध्यात्मिक अर्थ चिकटविण्याचा क्रम सुरू होतो, तेव्हा वाचकाचे लक्ष ना अन्नात राहते ना अर्थात. रूपक चालविण्याचा हव्यास जुन्या मराठी कवींचा सार्वत्रिक आहे. नाथ त्याला अपवाद नाहीत. गंमत अशी की, वरमायांच्या मानपानाकडे वळताच नाथांची लेखणी पुन्हा मोकळी होते. तेथे त्यांना शिकवायचे थोडे आणि सांगायचे पुष्कळ असते.

या वर्णनातील मानपानाकडे केवळ विनोद म्हणून पाहता येणार नाही. महाराष्ट्रातील लग्नात दोन्हीकडच्या स्त्रिया एकमेकींच्या घराला नावे ठेवतात, उखाण्यांतून उणे काढतात, वरमाय रुसते आणि तिची समजूत घालावी लागते. दोन घरांतील वास्तव अंतर अशा रीतीने बोलून टाकण्याची ती ठरलेली जागा आहे. बोलले ते तेथेच राहावे, असा संकेत आहे. विधी समान झाले म्हणजे भेद संपतो असे नाही, तो मानपानात येऊन बसतो. यादव आणि विदर्भ यांच्यात नुकतेच रक्त सांडलेले आहे, याची आठवण नाथ युद्धाच्या भाषेत कोठेही काढीत नाहीत. ती ऊर्जा रुसव्याफुगव्यांत खर्ची पडते.

मराठी परंपरेचे हे उत्तर किती विशिष्ट आहे, हे इतर प्रदेशांकडे पाहिले म्हणजे कळते. नाथांच्या आधीच्या पिढीतील शंकरदेवांनी (१४४९–१५६८) आपल्या ‘रुक्मिणीहरण’ काव्यात भागवत आणि हरिवंश या दोन ग्रंथांतील कथा एकत्र गुंफल्या आणि विवाहप्रसंगाला असमिया घरगुती वातावरण दिले. आसामच्या लोकमानसात भीष्मकाचे कुंडिलनगर सदियाच्या बाजूला आहे, आणि तेथील विवाहगीतांत, ज्यांना बियानाम म्हणतात, कृष्ण-रुक्मिणीचा विषय वारंवार येतो. म्हणजे वधूचे माहेर आपल्याकडे ओढण्याचा मोह मराठीपुरता मर्यादित नाही. ज्या प्रदेशाने ही कथा गायिली त्याने रुक्मिणी आपली मुलगी मानली. अरुणाचलातील भीष्मकनगरच्या परिसरात इदू मिश्मी लोकांशी ही कथा जोडली जाते. डोक्याभोवतीचे केस कापण्याच्या त्यांच्या रीतीमुळे बाहेरच्यांनी त्यांना ‘चुलिकाटा’ म्हटले, आणि ती रीत कृष्णाने रुक्मीला केलेल्या शिक्षेची खूण होय, असे सांगितले जाते. खुद्द त्या समाजात सर्वांना ही कथा मान्य आहे असे नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. एका लग्नाची आठवण म्हणून वराने केलेल्या विटंबनेची खूण अंगावर वागविणे, असा तिचा अर्थ होतो. जो अपमान नाथांनी मांडवाबाहेर ठेवला, तोच येथे कथेचा गाभा झालेला आहे.

वराच्या मुलखातील परंपरा आणखी वेगळी. पोरबंदर जिल्ह्यातील माधवपूर या समुद्रकाठच्या गावी दर चैत्रात, रामनवमीपासून त्रयोदशीपर्यंत, कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा मेळा भरतो. नाथांचे मूळमाधव आणि हे माधवपूर यांचा संबंध उघड आहे. रात्री देवाचे फुलेकुं, म्हणजे वरघोडा, निघते. आणि कडछ गावचे मेर लोक रुक्मिणीसाठी ‘मामेरू’ घेऊन वाजतगाजत येतात. मामेरू हा गुजराती लग्नातील मातुलगृहाचा आहेर. विदर्भ शेकडो कोस दूर. तेथून कोण येणार? म्हणून शेजारच्या गावाने वधूचे आजोळ होण्याची जबाबदारी पत्करली. नाथांनी वराला वधूच्या मुलखातला केले, तर माधवपूरकरांनी वधूला आपल्या मुलखात नातेवाईक मिळवून दिले. दोन्हींचा हेतू एकच: मुलीचे लग्न तिच्या माणसांवाचून लागू नये. २०१८ पासून या मेळ्यात ईशान्य भारतातील राज्यांचा सहभाग शासकीय पातळीवर सुरू झाला आहे आणि वधूपक्ष म्हणून तिकडची कलापथके येतात. दोन प्रदेशांचे सौहार्द वाढत असेल तर त्यात वाईट काही नाही. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने हा मिलाफ आणि कडछच्या लोकांचे मामेरू एकाच जातीचे समजू नयेत. मामेरू देणाऱ्याने नाते पत्करलेले असते, आणि नात्याबरोबर लग्नातले उणेदुणेही.

महाराष्ट्रात या विवाहाचा सांभाळ दोन ठिकाणी होतो. पंढरपूर येथे वसंतपंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह साजरा होतो, आणि आषाढीला कौंडिण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरीस येते. लग्न सासरी आणि पालखी माहेरची, अशी ही वाटणी आहे. शिवाय विवाहेच्छू मुलींनी नाथांच्या ग्रंथाचा पाठ करावा, असा प्रघात आहे. पळून गेलेल्या राजकन्येची कथा मुलीच्या हाती आईबापांनीच निःशंकपणे द्यावी, ही किमया मूळमाधवच्या कन्यादानाची होय.

इतके असूनही या परंपरेत एक जागा रिकामी राहते. आश्वलायनाच्या मते लाजाहोमात वधूच्या ओंजळीत लाह्या घालावयाच्या त्या तिच्या भावाने किंवा भावाच्या स्थानी असणाऱ्याने. मराठी लग्नात कान पिळण्याचा मानही वधूच्या भावाचाच. रुक्मिणीला पाच भाऊ. त्यांतील थोरल्याने कृष्णाला मारून बहिणीला सोडविल्याखेरीज कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही अशी प्रतिज्ञा केली, ती फसली, आणि भोजकट नावाचे नवे नगर वसवून तो तेथेच राहिला. पित्याला मांडवात आणणे कवीला शक्य झाले, कारण पित्याचे मन आधीपासून कृष्णाकडे होते. रुक्मीला आणणारी युक्ती कथेच्या चौकटीत उपलब्ध नव्हती. दोन घराण्यांचा जो काही मेळ झाला तो या थोरल्या भावाला वगळून झालेला आहे, आणि स्वयंवर-काव्ये वरातीपाशी थांबतात म्हणून ही उणीव वाचकाला जाणवत नाही.

भागवत मात्र थांबत नाही. दशमस्कंधाच्या एकसष्टाव्या अध्यायात हेच दोन कुलसंबंध पुढच्या दोन पिढ्यांत पुन्हा जुळतात. रुक्मीची कन्या रुक्मवती प्रद्युम्नाला वरते आणि रुक्मी, मनात वैर असतानाही, बहिणीला बरे वाटावे म्हणून तो संबंध मान्य करतो. पुढे तो आपली नात रोचना अनिरुद्धाला देतो. दोन्ही लग्ने मामाच्या मुलीशी झालेली आहेत. दुसऱ्या विवाहाच्या वेळी, असा संबंध धर्माला धरून नाही हे रुक्मीला ठाऊक होते, स्नेहाच्या पाशामुळे त्याने तो केला, असे पुराणकार मुद्दाम सांगतो. मातुलकन्येशी विवाह हा दक्षिणेचा आचार म्हणून बौधायनाने नोंदविला आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंस्थेवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात, उत्तरेत वर्ज्य असलेला हा संबंध महाराष्ट्रातील अनेक जातींत संमत असल्याचे दाखवून महाराष्ट्राला उत्तर-दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात स्थान दिले आहे. या प्रकाशात पाहता यादव आणि विदर्भ यांच्या आचारांचे खरे मिश्रण रुक्मिणीच्या लग्नात झालेच नव्हते. ते तिच्या मुलाच्या आणि नातवाच्या लग्नांत झाले. तेथे वराच्या घराण्याने वधूच्या दिशेचा आचार उचलला. पुराणकाराला तो रुचलेला नाही, तरी त्याने तो लपविलेला नाही.

अनिरुद्धाचे लग्न भोजकटास, रुक्मीच्या घरी झाले. या वेळी त्याला मांडवात स्थान होते. यजमानच तो होता. लग्न आटोपल्यावर कलिंगराजाप्रभृती पाहुण्यांच्या चिथावणीने रुक्मी बलरामाशी द्यूताला बसला. बलराम डाव जिंकला असता रुक्मीने तो आपला म्हणून सांगितला, आणि गुराख्यांना फाशांतले काय कळणार, तो राजांचा खेळ, असे तो बोलून गेला. पहिल्या लग्नाच्या वेळी जे मनात होते ते इतक्या वर्षांनी जिभेवर आले. विहिणीच्या तोंडी हाच टोमणा उखाण्यात आला असता तर त्यावर हशा झाला असता आणि उलट टोमणा मिळाला असता. द्यूताच्या पटावर त्याला तशी जागा नव्हती. बलरामाने परिघ उचलून भर मंगलसभेत रुक्मीला ठार केले.

त्यानंतर कृष्णाने काय केले, हे भागवतकाराने थोडक्यात सांगितले आहे. मेहुणा मारला गेला असता त्याने ते बरे झाले असेही म्हटले नाही आणि वाईट झाले असेही म्हटले नाही. एका बाजूला रुक्मिणी आणि दुसऱ्या बाजूला बलराम, दोघांपैकी कोणाचाही स्नेह तुटू नये म्हणून तो गप्प राहिला. मग अनिरुद्धाला त्याच्या नववधूसह रथात बसवून सगळे यादव भोजकटाहून द्वारकेस निघाले. त्या रथांत रुक्मिणीही होती. ती काही बोलल्याचे पुराणात नाही, आणि मराठी स्वयंवर-काव्ये तर तिच्या वरातीपाशीच थांबलेली आहेत.